फ्रेम एकीची, इंजिन दुसरीचं. मग गाडी कोणती?
जुन्या राजदूत, येझदी, बुलेटचे भाग अदलाबदल करणाऱ्या शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवायच्या गोष्टी

बैल घ्यायचा म्हटलं की आपण काय काय बघतो! दात मोजतो, शिंगं बघतो, खांद्यावर हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो. अंगावरचा भोवरासुद्धा नजरेतून सुटत नाही. सौदा ठरला तरी बाजार समितीची पावती खिशात पडल्याशिवाय दावं हातात घेत नाही. तोच शेतकरी जुनी मोटारसायकल घेताना मात्र एक किक मारतो, आवाज ऐकतो, 'मशीन चांगली आहे' म्हणतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. पुस्तक आहे का, एवढंच विचारतो. त्या पुस्तकात कोणता नंबर लिहिला आहे आणि गाडीच्या लोखंडावर कोणता ठोकलेला आहे, हे ताडून पाहणारा विरळाच.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्या भागात जुन्या गाड्यांचा जीव मोठा चिवट. दुधाचे कॅन, सरकीचं पोतं, फवारणीचा पंप, असं सगळं वाहून त्यांनी पिढ्या काढल्या. ज्या कंपन्यांनी त्या बनवल्या त्यांतल्या काही बंद पडल्या, काहींनी ती मॉडेलं सोडून दिली. नवे सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून एका गाडीचा भाग दुसरीला बसतो. इंजिन एकीचं, फोर्क दुसरीचा, टाकी तिसरीची आणि शेवटी फ्रेमसुद्धा चौथीची. मिस्तरी हुशार असेल तर अशी गाडी झकास पळते. त्यात वाद नाही. वाद वेगळाच आहे. अशी गाडी सरकारदरबारी कोणती? तिचं पुस्तक कोणतं? उद्या रस्त्यावर काही घडलं, तर मालक कोण आणि विमा कशाचा?

गाडी घरापासून शेतापर्यंतच फिरत होती तोवर हे प्रश्न कोणी विचारत नव्हतं. आता ते विचारले जातात.

कोणाचं काय कोणाला बसतं

थोडं मागचं सांगतो, म्हणजे अदलाबदल का होते ते कळेल.

राजदूत १७५ ही फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची. तिचा आराखडा पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून घेतलेला. १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, आणि पुढे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा झुलता काटा. याच इंजिनावर कंपनीने लहान चाकांची जीटीएस काढली. १९७३ सालच्या 'बॉबी' चित्रपटात ती दिसली आणि लोक तिला बॉबीच म्हणू लागले. इंजिन एकाच घराण्याचं असल्यामुळे बॉबीचं इंजिन राजदूतला आणि राजदूतचं बॉबीला चढवण्याचा मोह मिस्तऱ्यांना पहिल्यापासून होता.

जावा आणि येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातल्या. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या सहकार्याने १९६० नंतर तिथे गाड्या निघू लागल्या, पुढे १९७३ पासून येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एक सिलिंडर पण सायलेन्सर दोन, आणि किकचाच दांडा वळवून गिअर टाकायचा, ही तिची ओळख. जावा २०१८ साली आणि येझदी २०२२ साली नव्याने बाजारात आली, पण ती फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची. नाव तेच असलं तरी नव्या गाडीच्या इंजिनाचे भाग जुन्या इंजिनाला चालत नाहीत. म्हणून जुन्या येझदीला दुसरी जुनी येझदीच मोडावी लागते.

बुलेटची गोष्ट निराळी. १९५५ पासून मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. जुन्या बुलेटमध्ये इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा, दोन्ही फ्रेममध्ये बोल्टने धरलेले. गिअरबॉक्स जागेवर ठेवून इंजिन तेवढं बदलणं त्यामुळे सोपं. कंपनीनेच पुढे टॉरस नावाची डिझेल बुलेट काढली, तिला ग्रीव्ह्ज लोंबार्डिनीचं ३२५ सीसीचं इंजिन होतं. पळायला मंद, पण डिझेल इतकं कमी पिणारी की शेतकऱ्याने तिला डोक्यावर घेतलं. ते पाहून पंपाची डिझेल इंजिनं साध्या पेट्रोल बुलेटवर चढवण्याचा उद्योगही ठिकठिकाणी झाला. २०१० च्या आसपास बुलेटचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र झाले, तेव्हापासून नव्या बुलेटचं इंजिन जुन्या फ्रेममध्ये सहज बसत नाही.

यानंतरची पिढी म्हणजे १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० आणि हिरो होंडा सीडी १००. आरएक्स १९९६ मध्ये बंद झाली, आणि तरुण पोरं आज तिच्या मागे वेडी आहेत. तिच्या फ्रेममध्ये पुढच्या १३५ सीसीचं इंजिन बसवून देणारे शहरात आहेत. सीडी १०० ची बहीण म्हणजे स्प्लेंडर. दोघींचं इंजिन एकाच घडणीचं, म्हणून अदलाबदल तिथेही चालते.

यंत्राचं गणित आधी

कायद्याकडे जाण्याआधी यंत्राचं बघू, कारण जीव तिथे अडकलेला असतो.

फ्रेम साधारण दोन ठिकाणी मोडते. एक हँडलच्या मानेपाशी आणि दुसरं मागचे शॉकॲब्सॉर्बर जिथे अडकतात तिथे. काळ्या मातीच्या खड्ड्यांतून दोन्ही बाजूंना भरलेले कॅन घेऊन गाडी वर्षानुवर्षे आदळली की मानेला बारीक तडा जातो. तो वेळीच दिसला तर चांगल्या कारागिराकडून आहे त्याच फ्रेमला जोड देऊन घ्या, आतून-बाहेरून पट्टी मारून घ्या. नुसता वरवर वेल्डिंगचा ठिपका मारला तर तडा जोडाच्या शेजारून पुन्हा सुरू होतो. मान चालत्या गाडीत तुटली तर पुढचं चाक आणि हँडल एकीकडे, माणूस दुसरीकडे.

दुसऱ्या मॉडेलचं इंजिन बसवताना फाउंडेशनचे कान कापून नवे जोडावे लागतात. तिथे चेनची लाइन बघितली पाहिजे. गिअरबॉक्सचं लहान चक्र आणि मागच्या चाकाचं मोठं चक्र एका सरळ रेषेत नसेल, तर चेन कडेने झिजते आणि एक दिवस उतरते. उतरलेली चेन चाकात अडकली की चाक जागेवर थांबतं. रस्त्यावर वेगात असताना हे झालं तर काय होईल ते सांगायला नको.

पुढचा काटा बदलला तरी तेच. राजदूतचा मूळ काटा काढून टेलिस्कोपिक फोर्क बसवला आणि तो दोन बोटं लांब निघाला, तर गाडीचं नाक वर येतं, वळणावर हँडल जड होतं. ताकदीचं इंजिन बसवलं पण ब्रेक जुनेच ठेवले, तर गाडी पळेल, थांबणार नाही. जुन्या बऱ्याच गाड्या सहा व्होल्टच्या आहेत. त्यांना बारा व्होल्टचं इंजिन जोडलं आणि बल्ब, बॅटरी तशीच ठेवली, तर पहिल्याच रात्री अंधार. आणि टू-स्ट्रोक इंजिन चढवलेली गाडी घरातल्या पोराच्या हाती देताना पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं आहे हे त्याला सांगून ठेवा, नाहीतर पिस्टन जाम झालाच म्हणून समजा.

मॉडेल एकच असेल, कान तेच असतील, तर यातले निम्मे प्रश्न येतच नाहीत. म्हणून मिस्तऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा की, 'हा भाग याच मॉडेलचा आहे का?' 'बसवून देतो' हे त्याचं उत्तर नव्हे.

गट नंबर आणि पीकपाहणी

आता मूळ मुद्दा. तुमच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो आणि खाली पीकपाहणी असते. यंदा कापूस, पुढच्या साली तूर, त्यापुढे मोसंबी. पीक बदललं तरी गट नंबर बदलत नाही. शेत म्हणजे गट नंबर.

मोटारसायकलचंही तसंच समजा. फ्रेमवर ठोकलेला चॅसिस नंबर, ज्याला मिस्तरी 'चासी नंबर' म्हणतात, तो गाडीचा गट नंबर. इंजिन हे मोठं पीक, त्याचीही नोंद पुस्तकात असते. चेन, चाकं, कार्ब्युरेटर, क्लच प्लेटा, बत्ती, सीट ही रोजची भाजी. ती बदला, कोणी विचारणार नाही. इंजिन बदललं तर नोंद बदलावी लागते. आणि फ्रेम बदलली, म्हणजे तुम्ही दुसऱ्याच्या गटात नांगर घातला. सातबारा तुमच्या हातात आहे, पण पाय दुसऱ्याच्या शेतात आहेत.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२२ व्या नियमाप्रमाणे चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर ठोकलेला किंवा कोरलेला असावाच लागतो. चॅसिस नंबर बहुतेक मोटारसायकलींना हँडलच्या मानेवर किंवा शेजारच्या नळीवर असतो. इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर असतो. यातून एक सोयीची गोष्ट निघते. पिस्टन, सिलिंडर, कनेक्टिंग रॉड, हेड काहीही बदललं तरी इंजिन नंबर तोच राहतो, कारण कवच तेच आहे. म्हणून इंजिन खराब झालं की अख्खं दुसरं इंजिन आणण्याआधी, आपल्याच कवचात दुसऱ्या इंजिनाचे आतले भाग बसवता येतात का ते बघा. काम थोडं जास्त, पण पुस्तक स्वच्छ राहतं.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम १९८८ हा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू आहे. त्याच्या ५२ व्या कलमात सरळ सांगितलं आहे की, कारखान्याने ठरवून दिलेल्या आणि पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. इंजिन बदलायचं तर परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यायची. बदल झाला की १४ दिवसांत कळवून पुस्तकात नोंद करून घ्यायची. सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी निकाल देताना हीच गोष्ट ठासून सांगितली, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडी बदलता येत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने शिक्षाही वाढली. कलम १८२-अ च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'दर बदलामागे' हे शब्द नीट वाचा. पेट्रोलच्या बुलेटला पंपाचं डिझेल इंजिन बसवलं आणि त्यासाठी फ्रेमही कापली, तर ते एक नव्हे, दोन बदल.

दंड एकवेळ परवडला, पण विम्याचं तसं नाही. विम्याच्या कागदावर गाडी क्रमांकाबरोबर चॅसिस आणि इंजिन नंबर असतात. समजा, तुमच्या गाडीने कोणाला धडक दिली, माणूस गेला आणि दावा न्यायाधिकरणात उभा राहिला. पंचनाम्यात लिहिलेले नंबर विम्याच्या कागदाशी जुळले नाहीत, तर 'ही आम्ही विमा उतरवलेली गाडीच नाही' असं म्हणायला कंपनी मोकळी होते. मग भरपाईचा बोजा मालकाच्या अंगावर येऊ शकतो. दोन एकर कोरडवाहू विकून ती रक्कम भागेल की नाही, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

आताच का अडतं

पूर्वी पासिंगला गाडी नेली की काम आटोपत असे. आता नोंदी संगणकावर आहेत. घरगुती वापराच्या मोटारसायकलची नोंदणी १५ वर्षे चालते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. त्या वेळी निरीक्षक नंबर बघतो. या नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारसायकलींसाठी २,००० रुपये झालं. पर्यावरण कर वेगळा.

दुसरी गोष्ट उच्च सुरक्षा नंबरपाटीची. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही ही पाटी आपल्या राज्यात सक्तीची झाली. त्यासाठी नाव नोंदवताना गाडी क्रमांकासोबत चॅसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे आकडे द्यावे लागतात. ज्याने कधी मानेवरचा नंबर वाचला नव्हता, त्याला तो या निमित्ताने वाचावा लागतो, आणि तिथेच उजेड पडतो.

पण नंबर जुळला नाही म्हणून लगेच घाबरूही नका. जुन्या पुस्तकातली नोंद संगणकावर चढवताना आकडा चुकलेला असू शकतो. शून्याचा आठ होतो, एकाचा सात होतो. जुनं कागदी पुस्तक, गाडीवरचा नंबर आणि संगणकावरची नोंद, तिन्ही समोर ठेवून बघा. पुस्तक आणि गाडी जुळत असेल तर चूक नोंदीची आहे, ती दुरुस्त होते. नोंद संगणकावर चढलेलीच नसेल तर परिवहन कार्यालयात अर्ज करून ती चढवून घ्यावी लागते. आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबादचा भाग औरंगाबादेतून आणि परतूरचा परभणीतून आला. त्यामुळे फार जुन्या गाडीची मूळ नोंद जालन्याला नसून दुसरीकडे असू शकते. पुस्तकावरचा शिक्का बघून मगच हेलपाटा मारा.

भंगारातली फ्रेम आणि विकलेलं पुस्तक

जालना हे लोखंडाचं गाव. देशभरचं भंगार इथल्या भट्ट्यांत वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. तुटलेल्या गाडीची फ्रेम भट्टीत गेली तर काही दोष नाही, तिचा शेवट झाला. घोटाळा होतो तो फ्रेम भट्टीपर्यंत न पोहोचता मधेच कोणाच्या तरी गाडीखाली आली की. तुम्ही भंगाराच्या ढिगातून स्वस्तात उचललेली फ्रेम चोरीच्या गाडीची निघाली तर? चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मला ठाऊक नव्हतं म्हणाल, पण पावती नसेल तर ते पटवून द्यायला तुमच्याकडे उरलं काय?

याच्या उलट गोष्ट त्याहून घातकी. वडिलांची राजदूत दहा वर्षं गोठ्यात पडून आहे. भंगारवाला आला, वजनावर गाडी घेतली, आणि म्हणाला, 'पुस्तक असलं तर तेही द्या, थोडे जास्त देतो.' इथे थांबा. भंगाराला पुस्तक लागत नाही. पुस्तक लागतं ते दुसऱ्या गाडीला नाव द्यायला. तुमच्या वडिलांच्या नावाचं पुस्तक उद्या कोणाच्या चोरीच्या गाडीवर फिरेल. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी एका अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की, परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक. विकली म्हणून तोंडी सांगून सुटका नाही.

गाडी कायमची मोडीत काढायची असेल तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत कार्यालयाला कळवा, पुस्तक जमा करा आणि नोंदणी रद्द करून घ्या.

घेताना एवढं बघा

जुनी गाडी किंवा जुनं इंजिन घेताना पुढच्या गोष्टी केल्याशिवाय पैसे देऊ नका.

१. मानेवरची माती आणि ग्रीस रॉकेलच्या किंवा डिझेलच्या बोळ्याने पुसा. नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप उठेल. तो कागद पुस्तकाशेजारी धरून एकेक अक्षर बघा. इंजिन नंबरचंही तसंच करा.

२. नंबरच्या जागी घासल्याची खूण, लांबी भरल्यासारखा गुळगुळीतपणा, नवा रंग किंवा वेडीवाकडी अक्षरं दिसली तर गाडी कितीही गोड बोलो, सोडून द्या.

३. मानेच्या आणि शॉकॲब्सॉर्बरच्या जागी वेल्डिंग आहे का ते बघा. जोड असणं दोष नाही. पण नंबर असलेला मानेचा तुकडा कापून दुसऱ्या फ्रेमला जोडलेला असेल तर ती फसवणूक आहे आणि जिवाला धोकाही आहे.

४. पुस्तकातलं नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच आहे का? नसेल तर मधल्या माणसाला बाजूला ठेवून मूळ मालकापर्यंत जा. नमुना २९ आणि ३० वर सह्या घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावायचं असतं.

५. नुसतं इंजिन घेत असाल तर पावतीवर इंजिन नंबर, विकणाऱ्याचं नाव-पत्ता, सही आणि ते इंजिन कोणत्या गाडीचं होतं तो क्रमांक लिहून घ्या. शक्य असेल तर त्या गाडीच्या पुस्तकाची प्रत घ्या. हा कागद नसेल तर मंजुरीच्या अर्जाला आधार राहत नाही.

गाडी आधीच तशी असेल तर

फ्रेम पुस्तकातलीच आहे आणि इंजिन तेवढं दुसरं आहे, तेही त्याच मॉडेलचं, अशी तुमची गाडी असेल तर वाट मोकळी आहे. इंजिनाची पावती, विमा आणि पुस्तक घेऊन परिवहन कार्यालयात जा, खरं काय ते सांगा आणि नोंदीसाठी अर्ज द्या. मूळ इंजिन घरात पडून असेल तर ते दुरुस्त करून परत बसवणं सगळ्यांत बरं.

फ्रेमच दुसरी असेल तर कोणी 'करून देतो' म्हणाला तरी त्याच्या नादी लागू नका. छिन्नी-ठोशाने जुना नंबर नव्या फ्रेमवर ठोकून देणारे भेटतील. ते तुमचा एक दोष झाकून तुमच्या नावावर फौजदारी गुन्हा चढवतात. मूळ फ्रेम शोधा. गोठ्याच्या मागे, मिस्तऱ्याच्या छपरावर कुठेतरी ती पडलेली असते. सापडली तर जोडून, तपासून गाडी तिच्यावर परत उभी करा. नाही सापडली तर ती गाडी रस्त्यावर आणणं सोडा आणि तिचे सुटे भाग दुसऱ्या सरळ गाडीला वापरा. नंबर गंजून पुसट झाला असेल तर तो स्वतः उजळू नका, कार्यालयात अर्ज द्या.

डोकं चालवायला कोणाची बंदी नाही, हेही सांगतो. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावचे मनसुखभाई जगानी यांनी १९९४ साली बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा औजारांचा सांगाडा जोडला आणि 'बुलेट सांती' तयार केली. कोळपणी, पेरणी तिच्यावर होऊ लागली आणि बैल परवडत नसलेल्या शेतकऱ्याला आधार मिळाला. तिची कीर्ती देशभर झाली. पण ते शेतातलं औजार झालं. शेतात काय जोडावं ही तुमची करामत. डांबरी रस्त्यावर आलात की पुस्तक बोलतं.

मूळ रूपाला मोल आहे

जुन्या गाडीला आता शहरातून गिऱ्हाईक येतं. कारण २०२१ साली केंद्राने जुन्या वारसा गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. ही नोंदणी १० वर्षांची. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० आणि फेरनोंदणीचं ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. मुख्य अट अशी, की चॅसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे आजोबांची जावा जशीच्या तशी ठेवली तर तिला मान आहे. चार गाड्यांची एक केली तर तो मान गेला. तेव्हा गोठ्यातली जुनी गाडी मोडायला काढण्याआधी तिचं पुस्तक आणि नंबर एकदा बघून घ्या.

गावच्या कारभाऱ्यांना विनंती

पोलीस पाटलांनी बेवारस गाडीची खबर देताना नुसता पाटीवरचा क्रमांक न देता चॅसिस नंबरही लिहून द्यावा. पाटी दोन स्क्रूने बदलते. तलाठी आणि ग्रामसेवक (पदांची नावं आता बदलली असली तरी गावाच्या तोंडी हीच आहेत) यांच्याकडे वारसाच्या कागदासाठी लोक येतात, तेव्हा घरात मयताच्या नावावर गाडी आहे का हेही विचारावं. मालक वारल्यापासून ३० दिवसांत कार्यालयाला कळवलं तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, आणि तेवढ्यात नमुना ३१ वर अर्ज करून नाव लावायचं असतं. सातबाऱ्यावर वारस लावायला माणूस धावतो, गाडी मात्र वीस वर्षं वारलेल्या माणसाच्या नावावर पळत राहते. सरपंचांनी ग्रामसभेत हा विषय एकदा घ्यावा, आणि परिवहन कार्यालयाचं शिबिर तालुक्याला कधी आहे ते फळ्यावर लिहावं.

मिस्तरी मंडळींनाही सांगणं आहे. तुमची कारागिरी आहे म्हणून या गाड्या अजून जिवंत आहेत. पण दुसऱ्या नंबरच्या फ्रेमवर गाडी उभी करायची मागणी आली तर गिऱ्हाइकाला आधी हे सगळं सांगा. त्याचं पुढे वाईट झालं तर बोट तुमच्याकडेही येईल.

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. आज संध्याकाळी रानातून आलात की एक बोळा घ्या, हँडलच्या मानेवरचा मळ पुसा, पेटीतून पुस्तक काढा आणि घरातल्या शिकत्या पोराला तो नंबर मोठ्याने वाचायला सांगा. जुळला तर निश्चिंत झोपा. नाही जुळला तर उद्या सकाळी गाडी घरी ठेवा आणि बसने जालन्याला जा.